हा ‘चार्ज’ कुठला? इंग्रजी कागदातला एक शब्द अचूक वाचण्याची पद्धत

यावलला तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज लिहून देणं हे काम, आणि त्याच्या जोडीला लोकांचे इंग्रजी कागद वाचून सांगणं हे बिनपगारी काम. एकदा एक नाना पिशवीभर कागद घेऊन आले. केळीच्या लागवडीसाठी काढलेलं कर्ज त्यांनी व्याजासकट फेडलेलं. बँकेच्या पावतीवर ‘ऑल चार्जेस पेड’ असं स्पष्ट छापलेलं. पण शेताचा एक तुकडा विकायला काढला, तर घेणाऱ्याने सातबारा पाहिला आणि ‘बघू नंतर’ म्हणून उठून गेला. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा तसाच होता.

“चार्जेस पेड लिहेल शे ना भो, मग बोजा कसा?” नानांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पावतीही खोटी नव्हती. पावतीवरचे ‘चार्जेस’ म्हणजे बँकेने घेतलेली फी. सातबाऱ्यावरचा बोजा म्हणजे त्याच बँकेचा जमिनीवरचा ‘चार्ज’. शब्द एकच, पण पहिला पैसे भरून संपतो आणि दुसरा नोंद कमी केल्याशिवाय हलत नाही.

हा घोळ मी इतक्या वेळा पाहिलाय की शेवटी वाचायची एक रीत ठरवून टाकली. ती टप्प्याटप्प्याने देतो. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका मधले टप्पे गाळल्यामुळे होतात. लोक थेट शब्दकोश उघडतात, पहिला अर्थ उचलतात आणि मोकळे होतात.

## आधी तयारी

पूर्ण कागद समोर हवा. व्हॉट्सॲपवर आलेला अर्ध्या पानाचा फोटो चालणार नाही. वरचं शीर्षक, कोणी कोणाला पाठवलं, आणि शेवटची सही-शिक्का या तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. अर्थ ठरवायला लागणारा निम्मा पुरावा तिथेच असतो.

पेन्सिल घ्या आणि ‘चार्ज’ जिथे जिथे आहे तिथे गोल करा. चार्जेस, चार्ज्ड, चार्जिंग, चार्जेबल, डिस्चार्ज, सरचार्ज ही सगळी भावंडंही गोलात घ्या. एकाच कागदात चार गोल निघाले, तर चारही ठिकाणी अर्थ तोच असेल असं मुळीच धरू नका.

मग वहीच्या एका पानावर हे सात मराठी शब्द लिहून ठेवा: आकार किंवा शुल्क, बोजा, आरोप, कार्यभार, प्रभार, भरणे, चाल करून जाणे. आपल्याकडे नेहमी लागणारे जवळजवळ सगळे ‘चार्ज’ या सातांत बसतात. इंग्रजीला एक शब्द पुरतो, मराठीला सात लागतात. म्हणूनच मराठीत सांगताना निवड करावीच लागते. ‘चार्ज म्हणजे चार्ज’ असं म्हणून सुटता येत नाही.

सुटका करणारी एक गोष्ट मात्र आहे. या शब्दाच्या मुळाशी गाडीवर माल लादणं आहे. पैशाचा भार, जमिनीवरचा बोजा, माणसावर ठेवलेला आरोप, अंगावर आलेला कार्यभार, बंदुकीत भरलेली दारू, सगळीकडे काहीतरी कोणावर तरी लादलेलं असतं. आपल्या भाषेनेही हे ओळखलंय. कार्यभार, अधिभार, प्रभार या तिन्हींत ‘भार’ आहे. पाचव्या टप्प्यात ही खूण कामाला येईल.

> सावध: फोनवरच्या भाषांतराला नुसता एक शब्द देऊ नका. ‘चार्ज’ एवढंच टाकलं तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ‘शुल्क’ येतं. अख्खं वाक्य टाकलं तर बरं उत्तर मिळतं, पण तेही पुढच्या टप्प्यांतून तपासूनच घ्या.

## टप्पा १: कागद कुठल्या घरचा, ते आधी ठरवा

अर्थ शोधायच्या आधी कागदाचं घर शोधा. बँक किंवा सोसायटीचं पत्र, वीजबिल, पोलीस-कोर्टाचा कागद, कार्यालयीन आदेश, दवाखान्याचा कागद, विज्ञानाचं पुस्तक आणि धरण किंवा पाण्याची सूचना, आपल्याकडे येणारे कागद साधारण या सात घरांतले असतात.

घर कळलं की सात अर्थांतले चार-पाच आपोआप गळतात. वीजबिलात आरोप नसतो. बदलीच्या आदेशात बोजा नसतो. भौतिकशास्त्राच्या पानावर ‘पॉझिटिव्ह चार्ज’ दिसला तर तो धनप्रभारच.

त्यात बँकेचं घर सगळ्यात फसवं. तिथे एकाच पानावर फी आणि बोजा शेजारी शेजारी बसतात. म्हणून बँकेच्या कागदाला खाली वेगळा टप्पा दिलाय.

## टप्पा २: नाम की क्रियापद, एक की अनेक

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ‘अ चार्ज’, ‘द चार्ज’, ‘चार्जेस’ अशी रूपं असतील तर ते नाम. ‘विल बी चार्ज्ड’, ‘हॅज चार्ज्ड’, ‘शॅल चार्ज’ असेल तर क्रियापद.

अनेकवचनी ‘चार्जेस’ दिसलं की बहुतेकदा दोनच शक्यता उरतात. एक पैसा, दुसरी आरोप. बोजाही अनेकवचनात येतो, पण तेव्हा त्याच्या मागेपुढे ‘एन्कम्ब्रन्स’, ‘लीन’ किंवा ‘मॉर्गेज’ यांपैकी एखादा सोबती असतो. कार्यभार जवळजवळ कधीच अनेकवचनात येत नाही.

## टप्पा ३: मागचापुढचा छोटा शब्द पाहा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण हे छोटे शब्द डोळ्यांतून निसटतात. अर्थाचा लगाम मात्र त्यांच्याच हातात असतो.

‘चार्ज फॉर’ म्हणजे पैसा. अमुक कामाचे इतके घेतले.

‘चार्ज ऑन’ म्हणजे कर्जाच्या आणि मालमत्तेच्या कागदात बोजा. जमिनीवर, उभ्या पिकावर, ट्रॅक्टरवर.

‘चार्ज टू’ म्हणजे कोणाच्या तरी खात्यावर खर्च टाकणं. ‘चार्ज्ड टू युवर अकाउंट’ याचा अर्थ तुमच्या खात्यावर टाकलं. मोबाइलसारखं खात्यात काही ‘भरलं’ असा उलटा अर्थ काढणारी मंडळी मला भेटलीत.

‘चार्ज ॲट’ म्हणजे अंगावर धावून जाणं. बैल, रानडुक्कर आणि जमाव हे तिघेही चार्ज करतात.

‘चार्ज्ड विथ’ इथे मात्र थांबा. पुढे गुन्हा आला तर आरोप, काम आलं तर जबाबदारी. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप ठेवला. ‘चार्ज्ड विथ द ड्यूटी ऑफ…’ म्हणजे अमुक कर्तव्य सोपवलं. एका पतसंस्थेच्या संचालकाचा मुलगा घाबरून माझ्याकडे आला होता, वडिलांवर गुन्हा दाखल झाला म्हणून. पत्रात त्यांच्यावर लेखापरीक्षणाची कामं बघायची जबाबदारी सोपवलेली होती, एवढंच.

‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य. ‘फ्री फ्रॉम एनी चार्ज’ म्हणजे बोजामुक्त. खरेदीखतात ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ यांच्यात अख्ख्या शेताचा फरक पडतो.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ ही जोडी भल्याभल्यांना गंडवते. पहिल्यात माणूस सांभाळणारा असतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा. ‘मास्तर इन चार्ज ऑफ पोरं’, पण ‘पोरं इन द चार्ज ऑफ मास्तर’. मधला ‘द’ खाल्ला की पोरं मास्तरांना सांभाळायला लागतात. तसं प्रत्यक्षात होतंच म्हणा, पण कागदावर नको.

> तपासा: छोटा शब्द सापडलाच नाही तर वाक्य पुन्हा वाचा. ‘पोलीस चार्ज्ड द क्राउड’ आणि ‘पोलीस चार्ज्ड टेन मेन’ या दोन्हींत छोटा शब्द नाही. पहिल्यात बहुधा लाठीमार आहे, दुसऱ्यात दहा जणांवर आरोप. इथे पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

## टप्पा ४: बँक, सोसायटी आणि सातबारा

इथे जरा सावकाश चला. कर्जमंजुरीचं पत्र उघडलं की वरच्या भागात ‘प्रोसेसिंग चार्जेस’, ‘इन्स्पेक्शन चार्जेस’, ‘डॉक्युमेंटेशन चार्जेस’ असतात. ही सगळी फी, एकदा भरली की संपली. त्याच पत्रात खाली ‘सिक्युरिटी’ नावाचा रकाना असतो आणि तिथे ‘फर्स्ट चार्ज ऑन लँड बेअरिंग गट नंबर अमुक’ असं लिहिलेलं असतं. हा बोजा. ‘फर्स्ट’ म्हणजे पहिला हक्क याच बँकेचा. जमीन विकून वसुली झाली तर आधी हिचे पैसे, मग दुसऱ्यांचे. ‘फर्स्ट चार्ज’ला ‘पहिली फी’ समजून एकाने मला विचारलं होतं, दुसरी फी कधी द्यायची.

कायद्यातही हा शब्द पक्का बांधलेला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १०० मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे. कोणाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशासाठी तारण झाली, आणि तो व्यवहार गहाणात मोडत नसेल, तर तो चार्ज. मग ती तारण दोघांच्या ठरावाने झालेली असो की कायद्याने. म्हणजे चार्ज आणि गहाण हे सख्खे भाऊ, पण जुळे नाहीत. कागदात ‘मॉर्गेज’ आणि ‘चार्ज’ दोन्ही आले तर दोन वेगळे मराठी शब्द वापरा: गहाण आणि बोजा.

गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून कर्ज घेणाऱ्यांसाठी आणखी एक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद जे घोषणापत्र करून देतो, त्यातून जमिनीवर बोजा चढतो. आपल्याकडे त्याला ‘इ करार’ म्हणतात. त्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘क्रिएट अ चार्ज’ असे शब्द असतात. ‘क्रिएट’ पाहून नवीन खातं उघडतात की काय, असा समज करून सही करू नका. तिथे तुम्ही तुमच्या जमिनीवर बोजा निर्माण करत असता.

छोट्या कर्जाच्या पत्रातही ‘सिक्युरिटी’चा रकाना वाचायचा आळस नको. शेतीसाठी २ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ठरवलंय. त्याआधी ही मर्यादा १.६० लाख होती. त्यामुळे दीड-पावणेदोन लाखांच्या पत्रात ‘चार्ज ऑन लँड’ दिसला तर शाखेत जाऊन विचारायला हरकत नाही.

आता नानांच्या अडचणीवर येऊ. कर्ज फेडल्यावर कामं या क्रमाने करा:

१. बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी राहिलेली नाही असा दाखला, घ्या. नुसती शेवटच्या हप्त्याची पावती पुरत नाही.

२. दाखल्यात कर्जखातं बंद झालं एवढंच लिहिलंय, की जमिनीवरचा चार्ज सोडल्याचंही लिहिलंय, ते पाहा. इंग्रजीत ‘चार्ज रिलीज्ड’, ‘चार्ज सॅटिस्फाइड’ किंवा ‘चार्ज व्हेकेटेड’ यांपैकी काहीतरी हवं. गट नंबर हवा आणि तो सातबाऱ्याशी जुळायला हवा.

३. बोजा कमी करण्याचा अर्ज करा. तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून. बोजा चढवणं आणि कमी करणं असे दोन स्वतंत्र पर्याय तिथे आहेत. घाईत उलटा पर्याय निवडणारेही असतात.

४. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

> सावध: खरेदीखताच्या मसुद्यात ‘रजिस्ट्रेशन चार्जेस’ आणि ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ दोन्ही असतात. पहिलं नोंदणी फी, दुसरं बोजामुक्त. दुसऱ्याचं भाषांतर ‘कोणतेही शुल्क लागणार नाही’ असं झालेला मसुदा मी पाहिलाय. घेणाऱ्याला वाटलं नोंदणी फुकट आहे. जमीन बोजामुक्त असल्याची हमी मात्र मराठी मसुद्यातून गायबच झाली.

## टप्पा ५: पोलीस, कोर्ट आणि चौकशी

इथे भाराची खूण वापरा. कोणी, कशाचा, कोणावर? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्थ जागेवर बसतो. अडचण येते ती ‘कोणी’ या प्रश्नात.

चार्जशीट पोलीस दाखल करतात. चार्ज कोर्ट ठेवतं. दोन्ही वेगळ्या पायऱ्या आहेत आणि मध्ये महिने जाऊ शकतात. तपास संपल्यावर पोलीस जो अहवाल कोर्टात देतात त्याला मराठीत दोषारोपपत्र म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १९३ खाली येतं, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७३ होतं. नंतर कोर्ट कागद पाहून ठरवतं की खटला चालवण्याजोगं काही आहे का. असेल तर ‘चार्ज फ्रेम’ होतो, म्हणजे आरोप निश्चित होतात. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराच्या शपथपत्रात, नमुना २६ मध्ये, आरोप निश्चित झालेत का असं वेगळं विचारलेलं असतं. फक्त गुन्हा नोंदवलेला असताना तिथे ‘होय’ भरणारा स्वतःचं नुकसान करून घेतो, आणि आरोप निश्चित झालेले असताना ‘नाही’ भरणारा वेगळ्या खड्ड्यात पडतो.

दुसरी चूक याहून घातक आहे. ‘चार्ज्ड’ म्हणजे दोषी नव्हे. ‘चार्जशीटेड’ म्हणजेही दोषी नव्हे. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर इंग्रजी बातमीचं मराठी करून टाकताना ‘चार्ज्ड विथ फ्रॉड’चं ‘फसवणुकीत दोषी’ करून टाकू नका. त्यावरून भांडणं तर होतातच, वर बदनामीची नोटीसही येऊ शकते.

तिसरी चूक ‘डिस्चार्ज’ची. आरोप निश्चित होण्याआधीच कोर्टाने सोडलं तर तो डिस्चार्ज, मराठीत दोषमुक्ती. खटला पूर्ण चालून सुटला तर ‘ॲक्विटल’, म्हणजे निर्दोष मुक्तता. सुटला हे दोन्हीकडे खरं, पण कागदावर हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

विभागीय चौकशीचा कागद पोलिसांचा नसतो, पण शब्द तोच असतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला शिस्त व अपील नियम १९७९ खाली जे ज्ञापन मिळतं, त्यात ‘आर्टिकल्स ऑफ चार्ज’ म्हणजे दोषारोपाच्या बाबी असतात, आणि सोबत तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. हे पाकीट हातात आल्यावर आधी जोडपत्रं मोजा. उत्तर लिहिताना प्रत्येक बाबीला वेगळं उत्तर द्या. सगळ्यांना मिळून ‘आरोप मान्य नाहीत’ एवढं लिहून दिलेलं उत्तर मी टाइप करून दिलंय, आणि नंतर पस्तावलोय.

## टप्पा ६: कार्यालयात चार्ज घेणं आणि देणं

हा अर्थ आपल्या अंगवळणी पडलेला आहे. भुसावळला रेल्वेतल्या माणसाला ‘इन्चार्ज’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तरी तीन ठिकाणी पाय घसरतो.

‘अझ्यूम चार्ज’ म्हणजे कार्यभार स्वीकारणं, ‘रिलिंक्विश चार्ज’ म्हणजे कार्यभार सोडणं. ‘अझ्यूम’चा शाळेतला अर्थ ‘गृहीत धरणे’. त्यामुळे ‘कार्यभार गृहीत धरला’ असं मराठी एका अर्जात सापडलं होतं.

‘चार्ज लिस्ट’ ही बदलीच्या वेळी दप्तर, किल्ल्या, साहित्य यांची यादी. ‘चार्जशीट’ हा आरोपांचा कागद. फोनवर बोलताना ‘साहेबांना चार्जशीट दिली’ असं कोणी म्हटलं आणि त्याला यादी म्हणायचं असलं, तर संध्याकाळपर्यंत तालुकाभर भलतंच पसरलेलं असतं.

तिसरं, ‘इन-चार्ज हेडमास्टर’ म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक. तो कायम नेमणुकीचा नसतो. ‘ॲडिशनल चार्ज’ म्हणजे स्वतःचं काम सांभाळून दुसऱ्याचंही, अर्थात अतिरिक्त कार्यभार. काही आस्थापनांत त्यापोटी ‘चार्ज अलाउन्स’ मिळतो. वरवर पैशाचा शब्द वाटतो, पण तो कार्यभाराचा भत्ता. ‘शुल्क भत्ता’ लिहिलंत तर लेखाधिकारी विचारात पडतील.

## टप्पा ७: वीजबिल, सोनं, दुरुस्ती आणि वर्ग

हे सगळं सोपं आहे, झटपट उरकू.

वीजबिलात ‘चार्ज’ला मराठी शब्द ‘आकार’. फिक्स्ड चार्ज म्हणजे स्थिर आकार, घर बंद असलं तरी लागतो. एनर्जी चार्ज म्हणजे वीज आकार, व्हीलिंग चार्ज म्हणजे वहन आकार, हे दोन्ही युनिटवर. ‘इलेक्ट्रिसिटी ड्यूटी’ मात्र वीज शुल्क, तो शासनाचा कर. म्हणून सरसकट ‘शुल्क’ लिहिलं की तक्रार अर्जात कंपनीचा आकार आणि सरकारचा कर एकमेकांत मिसळतात. आणि बाबू अर्ज परत करतो.

जळगावच्या सराफ बाजारात ‘मेकिंग चार्ज’ म्हणजे घडणावळ किंवा मजुरी. तो ग्रॅममागे आहे की किमतीच्या टक्क्यात, हे बिल करायच्या आधी विचारा.

फ्रिज-एसीवाल्याचं ‘गॅस चार्जिंग’ म्हणजे गॅस भरणं. विहीर खोदताना काळ्या पाषाणात भोक पाडून जी दारू ठासतात तीही इंग्रजीत ‘चार्ज’. दोन्हींत भरण्याचा अर्थ, मुळाला सगळ्यात जवळचा.

विज्ञानात चार्ज म्हणजे विद्युतप्रभार, एकक कूलोम. दहावीच्या पोरांची नेहमीची चूक म्हणजे बॅटरी चार्ज करताना तिच्यात बाहेरून प्रभार भरला जातो असं समजणं. बॅटरीत जितका प्रभार एका टोकातून आत जातो तितकाच दुसऱ्या टोकातून बाहेर येतो. साठते ती ऊर्जा. फोनवर लिहिलेलं ५००० मिलिॲम्पिअर-तास हे मात्र प्रभाराचंच माप आहे. त्याचे १८,००० कूलोम होतात. म्हणजे एवढा प्रभार ती बॅटरी फिरवू शकते. एवढा साठवून ठेवते असं नाही.

## टप्पा ८: पुढे शेपूट किंवा शिंग लागलं असेल तर

चार्जच्या आधी ‘डिस’, ‘री’, ‘सर’, ‘ओव्हर’ लागले की पुन्हा पहिल्या टप्प्यावर जा. कारण घर बदललं की याही शब्दांचे अर्थ बदलतात. सरचार्ज म्हणजे अधिभार, आणि ओव्हरचार्ज म्हणजे एकतर जास्त पैसे घेणं किंवा बॅटरी जादा चार्ज करणं. हे दोन सोपे. खरी तारांबळ उडते ‘डिस्चार्ज’ आणि ‘रिचार्ज’मध्ये.

दवाखान्यातून डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं. जखमेतून डिस्चार्ज म्हणजे स्राव. रुग्णाच्या कागदावर दोन्ही असू शकतात, आणि ‘नो डिस्चार्ज’ वाचून नातेवाइकांनी ‘सोडत नाहीत’ असा अर्थ काढू नये. तिथे जखम कोरडी आहे, एवढंच म्हटलेलं असतं.

‘व्हाइल डिस्चार्जिंग हिज ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य बजावत असताना. ‘कर्तव्यातून मुक्त असताना’ असं केलं की अर्थ पार उलटतो. अपघाताच्या दाव्यात ही एक चूक भरपाईवर पाणी फिरवू शकते.

भुसावळ तालुक्यात तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यातले काही उघडले की सूचनेत ‘डिस्चार्ज इतके क्युसेक’ असं येतं. तो विसर्ग. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. नदीकाठच्या गावाला मराठीत सूचना देताना ‘डिस्चार्ज’ तसाच ठेवू नका. ‘विसर्ग वाढवला, नदीत उतरू नका’ असं थेट लिहा. बोअरच्या अहवालातला ‘डिस्चार्ज’ म्हणजे बोअरमधून किती पाणी निघतं ते.

‘रिचार्ज’ ऐकला की पोरांना फोन आठवतो. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, रावेर-यावल-चोपड्याकडे, हा शब्द पाण्याचा आहे: पुनर्भरण. तापी महापुनर्भरण योजनेचं इंग्रजी नावच ‘मेगा रिचार्ज’. ‘रिचार्ज शाफ्ट’ म्हणजे पाणी जमिनीत खोल जिरवायचा खड्डा. ग्रामसभेत ठराव वाचताना ‘रिचार्जसाठी निधी’ असं आलं आणि मागून कोणी विचारलं, ग्रामपंचायतीचा फोन इतका कसा वापरला जातो. हशा झाला, पण विचारणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. ठरावात ‘पुनर्भरण’ लिहायला हवं होतं.

## टप्पा ९: उलटून पाहा

अर्थ ठरला की वाक्य मराठीत लिहा आणि निवडलेल्या शब्दाच्या जागी सातांतला दुसरा शब्द घालून पाहा. ‘बोजा’च्या जागी ‘शुल्क’ घातलं तर वाक्य हास्यास्पद होतं का? होत असेल तर तुमची निवड बरोबर. दोन्ही शब्द चालत असतील तर अजून खात्री झालेली नाही, तिसऱ्या टप्प्यावर परत जा. तरीही अडलात तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा. ते विषयवार आहेत, त्यामुळे कागदाचं घर माहीत असेल तरच उपयोगी पडतात.

## हात साफ करायला

उत्तरं झाकून ठेवून प्रयत्न करा.

‘द बँक शॅल हॅव अ चार्ज ऑन द स्टँडिंग क्रॉप.’ उभ्या पिकावर बँकेचा बोजा राहील.

‘नो चार्ज शॅल बी लेव्हीड फॉर द सर्टिफिकेट.’ दाखल्यासाठी शुल्क घेतलं जाणार नाही. ‘लेव्ही’ हा शब्द जवळजवळ नेहमी पैशाचा सोबती असतो.

‘द स्टोअर वॉज इन द चार्ज ऑफ द क्लार्क.’ भांडार कारकुनाच्या ताब्यात होतं.

‘ही वॉज डिस्चार्ज्ड बिफोर चार्जेस वेअर फ्रेम्ड.’ आरोप निश्चित होण्याआधीच तो दोषमुक्त झाला. दवाखाना इथे कुठेच नाही.

‘द चार्जेस अगेन्स्ट द इन-चार्ज ऑफिसर इन्क्लूड कलेक्टिंग एक्सेस चार्जेस.’ प्रभारी अधिकाऱ्यावरच्या आरोपांत जादा शुल्क वसूल केल्याचाही समावेश आहे. एका वाक्यात तीन चार्ज, तिन्ही वेगळे. माझ्या टेबलावर हे वाक्य खरोखर आलं होतं, आणि मलाही दोनदा वाचावं लागलं.

नानांचा बोजा फेरफार होऊन निघाला. तुकडा मात्र त्यांनी विकलाच नाही. त्यात पुन्हा केळी लावली, आणि नव्या कर्जाचं पत्र घेऊन ते परवा दुकानात आले. सही करण्याआधी.